अठ्ठेचाळीस फूट फुटपाथ

— नाही नाही, अर्जात काही म्हणजे काही खोट नाही. इतका नीटनेटका अर्ज या काउंटरवर सत्तावीस वर्षांत मी चार वेळा पाहिला असेल, आणि त्यातले तीन एकाच माणसाचे, तो शाळेत शुद्धलेखन शिकवायचा. अडलंय ते शिक्क्यावर. शिक्का सापडत नाहीये. सकाळी इथंच होता, या तबकात, आता नाही. काय करणार? तुम्ही बसा ना. ती नको — ती खुर्ची डुगडुगते, मागच्या महिन्यात एक गृहस्थ थकबाकी भरायला आले आणि तिच्यावरून पडले, तेव्हापासून आम्ही तिच्यावर फक्त लहान रकमेच्या माणसांना बसवतो — गंमत केली हो. बसा. आणि घड्याळाकडे बघू नका, ते बरोबर नाही. पुढे आहे की मागे ते मला विचारू नका, पण बरोबर नाही. पाचला बंद होतं आमचं, अजून पुष्कळ वेळ आहे. खजिनदार बाई असत्या तर त्यांच्याकडे दुसरा शिक्का असतो, पण त्या दाताच्या डॉक्टरकडे गेल्यात. म्हणजे आज वेलबोर्न काउंटीची सगळी करवसुली माझ्या एकटीच्या डोक्यावर. लॅव्हॉन कुबिचेक. उपखजिनदार. पाटीवर इंग्रजी ‘लॅव्हॉन’मधल्या दोन ‘एन’पैकी एक गळलाय, कळवलंय त्यांना, अकरा वर्षं झाली.

तुम्ही कंपनीत नवीन ना? वाटलंच. याआधी तुमच्याकडून एक उंच बाई यायच्या, त्या बसायच्याच नाहीत. तुम्हाला सगळं समजावून पाठवलंय ना? नाही, माहीत असेल, तरी सांगते, कारण लोक कागद घेऊन येतात आणि कागदात काय आहे ते त्यांनाच ठाऊक नसतं. एखाद्या घराकडे गावाचा पैसा थकला — कर म्हणा, गटाराचा हिस्सा म्हणा, फुटपाथचा म्हणा — की गाव दोन-तीन पत्रं पाठवतं, मग कंटाळतं आणि ते लोढणं आमच्या काउंटीच्या गळ्यात बांधतं. आम्ही ते घराच्या बिलात जोडतो. तरी भरलं नाही, तर जानेवारीत साप्ताहिकात नावं छापतो — तीन आठवडे, पत्त्यासकट, चर्चच्या जेवणाच्या जाहिरातीला खेटून. निम्मे लोक त्या छापण्यानंच धावत येतात. उरतात त्यांची थकबाकी मार्चमध्ये विक्रीला. घर नाही हो विकत आम्ही, थकबाकी विकतो! तुमच्या कंपनीनं ती भरली, आम्ही तुम्हाला दाखला दिला, गावाला पैसे मिळाले, गाव खूश. मालकानं तीन वर्षांत तुमचे पैसे व्याजासकट फेडले, तर तुम्ही खूश. नाही फेडले, तर तुम्ही हा अर्ज घेऊन येता, मी शिक्का मारते आणि घर तुमचं. पण शिक्का पडेपर्यंत मालक केव्हाही येऊन पैसे भरू शकतो. केव्हाही. या क्षणीसुद्धा. त्या दारातून आत आला तरी.

नाही, मी दाराकडे उगाच नाही बघत. वारा येतो तिथून.

थांबा हं एक मिनिट, मागच्या खोलीत बघून येते, तिथं असला तर असेल —

— नाही, तिथंही नाही. काय? नाही, फोनवर नव्हते. म्हणजे होते, पण शिक्क्यासंबंधीच. उचलतच नाही कुणी. दिवसभर खिडकीत बसलं की माणसाला फोनची घंटा ऐकू येत नाही — शिक्क्याच्या माणसाला. शिक्के बनवतात ना ते, त्यांना. खिडकीत बसूनच बनवतात, उजेड लागतो. हे घ्या, कोलाचे घ्या, आमच्याकडचे गोड सारणाचे पाव. मीच केलेत, खसखशीचे. जर्दाळूचे संपले, वरच्या मजल्यावर शेरीफची कचेरी आहे आणि त्या लोकांना वास कसा लागतो कोण जाणे. तुम्ही घेतल्याशिवाय मी पुढे शोधणारच नाही. घ्या. हां.

तर कुठलं घर म्हणालात? हो हो, वाचलं मी. वॉलनट स्ट्रीट, नंबर सात. पिवळं घर, पुढे व्हरांडा. आज सकाळी बघून आलात? बाहेरूनच? बरं केलंत. आत जाऊ नका. दुसरी पायरी करकरते, न्हाणीघराचा नळ उलटा आहे — गरम सोडलं की गार येतं — आणि हॉलमधले निळे पडदे मी — मी ऐकलंय की हॉलमध्ये निळे पडदे आहेत. गाव लहान आहे हो. लोक बोलतात पडद्यांबद्दल. त्या घरात एल्डन व्रानेक राहतात. एकटेच. अडतीस वर्षं त्यांनी इथल्या शाळेचा बँड चालवला, या गावात ज्याला म्हणून फुंकता येतं त्याला त्यांनीच शिकवलंय. आता निवृत्त. ट्यूबा वाजवतात, तो भला थोरला पितळी भोंगा असतो ना, अंगाला वेटोळं घालून बसतो तो. रोज संध्याकाळी चारला. आता वाजले किती? म्हणजे वाजवत असतील, म्हणून फोन — असो.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस बुडवणारा आहे. अजिबात नाही! मी शपथेवर सांगते, आणि माझ्या शपथेला या काउंटीत किंमत आहे, मी नोटरीसुद्धा आहे. काय? अर्जावर नोटरीची सही हवी आहे का? हवीय की. नोटरी मीच. पण शिक्का शोधत असताना मला नोटरी होता येत नाही, एका वेळी एक काम. तर एल्डन व्रानेक घराचा कर दर वर्षी, एकतीस मार्चच्या आत, स्वतः येऊन, या काउंटरवर, सेंट न् सेंट भरतात. इस्त्रीचा शर्ट घालून येतात. तुमच्या दाखल्यावर कराचा एक डॉलर नाही, नीट बघा. तो सगळा फुटपाथचा पैसा आहे.

फुटपाथ पाहिलात ना? मग तुम्हाला हसू नाही आलं? दहा वर्षांपूर्वी नगर परिषदेनं ठरवलं की वॉलनट स्ट्रीटला फुटपाथ पाहिजे. नऊ घरं, ज्याच्या घरापुढे जितके फूट, तितका त्याचा हिस्सा. कंत्राटदारानं काम कुठून सुरू करावं? टोकापासून? छे! बरोबर मधून, व्रानेकांच्या दारापासून, कारण काँक्रीटची गाडी उभी करायला तिथं सावली होती. अठ्ठेचाळीस फूट झाले आणि थंडी पडली. थंडीत काँक्रीट धरत नाही. वसंतात कंत्राटदाराचं आणि परिषदेचं फाटलं, पैसेही संपले, आणि उरलेल्या आठ घरांनी लगेच अर्ज केला की आम्हाला फुटपाथ नकोच. मंजूर! आता अख्ख्या रस्त्यावर अठ्ठेचाळीस फूट फुटपाथ आहे. गवतातून निघतो आणि गवतात जातो. आणि बिल एकालाच. नऊशे बारा डॉलर.

ते घेऊन व्रानेक आले इथं. ओरडले नाहीत, चिडले नाहीत. म्हणाले, “लॅव्हॉन, फुटपाथ म्हणजे काय? ज्याच्यावरून माणूस पायी कुठून तरी कुठं तरी जातो, तो फुटपाथ. माझ्या दारात आहे तो ओटा आहे. ओट्याचे पैसे मी देणार नाही. पण ज्या दिवशी त्याच्यावरून कुणी चालत जाईल, त्या दिवशी तो फुटपाथ झाला असं मी मान्य करीन, आणि त्याच दिवशी सगळे पैसे भरीन, व्याजासकट.” आणि हेच परिषदेला लेखी दिलं. अटी घालून! व्यक्तीनं स्वतःच्या मर्जीनं चालायला हवं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्येच मागे वळायचं नाही. परिषदेचा सभासद चालणार नाही, पैज लावून चाललेला चालणार नाही. आणि घरात खिडकीशी खुर्ची टाकली, हातात वही घेतली.

वही दाखवली असती तुम्हाला, पण ती त्यांच्याकडेच असते. मी वाचली आहे — म्हणजे सार्वजनिक कागदच म्हणा की तो एका अर्थी. “सोर्लीबाईंचा कुत्रा, अर्ध्यावर बसला, पुढचं लिहीत नाही.” “पोस्टमन, गवतातून गेला.” “पोस्टमन, पुन्हा गवतातून, माझ्याकडे बघून.” “लहान मुलगी, तीनचाकी. चाकं धरायची नाहीत.” हसू नका, पुढे ऐका. एका ऑक्टोबरात एक रानहंस उतरला. उतरला तो बरोबर फुटपाथच्या टोकाशी, आणि तिथून चालत निघाला — मान ताठ, सावकाश, एखादा बिशप चालावा तसा — आणि दुसऱ्या टोकाला जाऊन उडाला. व्रानेकांनी प्रामाणिकपणे नोंद केली! माणूस प्रामाणिक आहे हो, तेच तर सांगतेय. ही बातमी फुटली आणि नगराध्यक्ष ग्लेन होलुबनं परिषदेत ठराव मांडला. म्हणाला, “स्वतःच्या मर्जीनं चालला. पूर्ण चालला. मागे वळला नाही. परिषदेचा सभासद नाही. अजून काय पाहिजे?” पाऊण तास चर्चा! वकील म्हणाला, पत्रात व्यक्ती असा शब्द आहे. ग्लेन म्हणाला, “आपल्या सभेत बसतात त्यातल्या दोघांपेक्षा तो जास्त व्यक्ती होता.” ते दोघं कोण यावर पुढची पंधरा मिनिटं. शेवटी ठराव पडला, त्या दोघांच्या मतांनी.

मग ग्लेन स्वतः चालला. चालणार नाही असं लिहिलेलं असताना! वर कॅमेरावाला घेऊन. व्रानेकांनी खिडकी उघडून सांगितलं, “ग्लेन, तू सभासद आहेस, आणि मोटार सुरू ठेवून आलायस, म्हणजे कुठं जातच नव्हतास.” खिडकी बंद.

मग आमची काउंटी. आम्ही काय केलं नाही? पत्रं पाठवली. लाल शाईची पाठवली. साप्ताहिकात छापलं, तर छापलेल्या नावात स्पेलिंगची चूक म्हणून ते दुरुस्ती छापायला सांगायला गेले, म्हणजे नाव चारदा आलं. शेवटी नोटीस हातात द्यायला डुएन पाश्केला पाठवलं, शेरीफच्या कचेरीतला, तो गोल चेहऱ्याचा, जर्दाळूवाला. डुएननं दार वाजवलं. व्रानेकांनी विचारलं, “डुएन, तू आलास कसा?” डुएन म्हणाला, “गवतातून.” “मग जा परत, आणि फुटपाथवरून ये.” डुएन म्हणाला, “सर, तो फुटपाथ तुमच्या दाराला येत नाही, तो नुसता समोरून जातो.” “आता कसं बोललास,” म्हणाले, “हेच लिहून दे.” आणि डुएननं लिहून दिलं! त्याच्याच नोटिशीच्या पाठीवर! तो त्यांचा विद्यार्थी, तीन वर्षं झांजा वाजवत होता, सरांनी सांगितलं की लिहायची सवय. तो कागद त्यांनी चौकटीत लावलाय. फ्रिजच्या बाजूला, मोहरीच्या बरण्यांच्या वर.

तर हे असं हसतखेळत चाललं होतं सगळं. प्रकरण घरावर येईल असं तेव्हा वाटलंच नाही कुणाला. विक्रीसुद्धा पूर्वी इथंच व्हायची, कोर्टाच्या तळघरात, मी एकेक घर मोठ्यानं वाचायची, लोक कॉफी प्यायचे, आणि शेजारी शेजाऱ्याच्या घरावर बोली लावायचा नाही. लावली कुणी तर दुसऱ्या दिवशी त्याला केशकर्तनालयात खुर्ची मिळायची नाही. मग विक्री कॉम्प्युटरवर गेली. पहिल्या सकाळी तुमच्या कंपनीनं एका टिचकीत एकशे चाळीस घरांची थकबाकी उचलली. नऊ वाजून एक मिनिटानं. मी अजून कोट काढत होते. तुमचा दोष नाही त्यात, तुम्ही तेव्हा कॉलेजात असाल.

आणि त्याच्या आदल्या आठवड्यात — हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, तुम्हीही ऐकू नका — त्या आदल्या आठवड्यात ते कर भरायला आले होते. पावती घेतली, टोपी हातात धरून उभे राहिले आणि हळूच म्हणाले, “लॅव्हॉन, हे फुटपाथचं… काळजीचं नाही ना काही?” आणि मी काय म्हणाले? मी, सत्तावीस वर्षांची अनुभवी बाई! मी म्हणाले, “अहो, ओट्यासाठी कुणी घर घेतं का? कोण येणार आहे विकत घ्यायला?” आणि हसले. त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला. टोपी घातली आणि गेले. ट्यूबा घेऊन बसले असतील. तीन वर्षं झाली त्याला. या तीन वर्षांत मला धड झोप… कोलाचे घ्या अजून एक. घ्या हो.

पैसे मी भरले असते. भरू शकते, कुणीही कुणाचे भरू शकतं, नियम आहे. चेक लिहून ठेवलाय, या खणात आहे, तारीख तेवढी तीनदा बदलली. पण तो म्हणाला — ते म्हणाले, “तू भरलेस तर दार उघडणार नाही.” आणि तो करेल तसं. तुम्हाला माहीत नाही तो किती — ते किती हट्टी आहेत. मी सांगितलं, अरे, तीन वर्षं संपतायत, कंपनीचा माणूस येईल, घर जाईल. तर म्हणाला, “घर गेलं तर गेलं, अट अट आहे.” कशाला हवी ती अट! गुरुवारी जेवायला बसलो की हाच विषय. डुकराचं मांस गार व्हायचं, कोबी गार व्हायचा. म्हणजे कधी कधी मी जाते गुरुवारी. कामासाठी. वसुलीसाठी. वसुलीत असं घरी जावं लागतं, चांगलं भांडं घेऊन.

मग तीन आठवड्यांपूर्वी मी काय केलं, ऐका. मी म्हटलं, एवढंच ना? कुणीतरी चालायचं ना? मी चालते! मी काही परिषदेची सभासद नाही. पैजही नाही. गुरुवारी संध्याकाळी मी मोटार पार कोपऱ्यावर लावली, चांगले सँडल घातले, टाच असलेले, आणि गवतातून त्या टोकाशी गेले. आणि चालले. या गुडघ्यानं! या टोकापासून त्या टोकापर्यंत, मागे वळले नाही, मान ताठ, त्या हंसासारखी. खिडकीत तो बसलेला दिसत होता मला. मग वळून दारातून आत गेले आणि म्हटलं, “झालं. लिही वहीत. काढ चेकबुक.” तर तो काही लिहीचना. पेन्सिल हातात धरून नुसता बघत बसला. म्हणाला, “लॅव्हॉन, हे धरता येणार नाही.” का? का म्हणून नाही धरता येणार? “घरच्या माणसाचं धरत नाहीत.”

घरच्या माणसाचं!

आता तुम्हीच सांगा. ही अट पत्रात होती का? नव्हती! पत्र माझ्याच फाइलमध्ये आहे, मी त्याच रात्री — त्याच आठवड्यात येऊन तपासलं, सभासद आहे, पैज आहे, मर्जी आहे, घरचं माणूस कुठंच नाही. मी म्हटलं, “मी कधी झाले घरचं माणूस? कुणी सांगितलं मला? कुठं नोंद आहे?” तर तो लाल झाला, इथपासून इथपर्यंत, बीटासारखा, आणि उठून ट्यूबा पुसायला लागला. पुसलेलाच ट्यूबा! मी भांडं उचललं, कोबीसकट, आणि निघून आले. मोटारीत बसले आणि तासभर इंजिन सुरूच केलं नाही. राग आला होता म्हणून. दुसरं काय असणार? राग. सात वर्षं मी गुरुवारी जेवू घालतेय, आणि यानं सांगायला वेळ काय निवडली, तर थकबाकीची.

तेव्हापासून बोललो नाही आम्ही. आणि आज पावणेचारला तुम्ही दारात. हा अर्ज घेऊन.

हे मी तुम्हाला का सांगितलं? शिक्का. शिक्क्यावरून निघालं. तुम्ही असे काय बघताय? हो, वाजले असतील पावणेपाच. नाही, मी उठून शोधणार नाही आता, माझा गुडघा धरलाय. कंपनीला फोन लावताय? लावा. खुशाल लावा. इथं फोनला रेंज खिडकीजवळ मिळते, ती खिडकी उघडत नाही, पण रेंज मिळते — साहेब, एक ऐका माझं. माणसाचं घर आहे हो ते. अख्ख्या गावाला फुंकायला शिकवलं त्यानं. पंधराशे डॉलरसाठी तुम्ही —

एल्डन!

म्हणजे — मिस्टर व्रानेक. या. नमस्कार. वसुली कचेरीत स्वागत आहे तुमचं. तुम्हाला धाप लागलीय. तुम्ही पायी आलात? मोटार कुठंय? टायर? बरं, टायर. दहा वेळा फोन केला मी तुला! — तुम्हाला. बसा. त्या खुर्चीवर नका बसू. अरे नको बसू त्या — हां. लागलं का? नाही ना? उठ. हे गृहस्थ कंपनीकडून आलेत. हो, तीच कंपनी. हो, तोच अर्ज. आता ऐक माझं, एल्डन, भांडण नंतर करू, अट गेली खड्ड्यात, मी तुझ्या पाया पडते, चेक — काय? वही कशाला आणलीस? वही नको दाखवू मला आता. वही नको! … काय लिहिलंय? आज?

“सकाळी नऊ चाळीस. अनोळखी तरुण, निळा कोट. उत्तरेच्या टोकाला भाड्याच्या मोटारीतून उतरला, मोटार निघून गेली. फुटपाथवर आला. घराकडे पाहिलं. फोटो काढला. चालत राहिला. दुसऱ्या टोकाला पोचला. पुढे फुटपाथ नाही हे त्याच्या लक्षात आलं नाही. घोट्यापर्यंत चिखलात गेला. एक शब्द उच्चारला, तो लिहीत नाही. गवतातून कोपऱ्याकडे निघून गेला. मागे वळला नाही.”

साहेब.

जरा पाय पुढे करा बघू.

अगं बाई! एल्डन, बघ, बघ त्यांची विजार! वॉलनट स्ट्रीटचाच चिखल, काळा, दुसरीकडे असा मिळत नाही! तुम्ही चाललात! पायी चाललात, पूर्ण चाललात! कुणी सांगितलं होतं का तुम्हाला चालायला? नाही ना? पैज होती? नाही! कंपनीचे नोकर आहात खरे, पण परिषदेचे नाही, आणि फुटपाथवरूनच जा असं काही कंपनीनं सांगितलं नव्हतं ना? बघ, मान हलवली, नव्हतं सांगितलं! एल्डन, तुला धरता येईल ना हे? येईल म्हण. नाहीतर मी तुझा ट्यूबा वितळवून — काय? धरता येईल असं वाटतं म्हणून तर आलास? दिवसभर विचार करत होतास? नऊ चाळीसपासून! सात तास! काय विचार करत होतास सात तास? तो परत येईल का ते बघत होतास — मागे वळला तर धरता येत नाही म्हणून! देवा!

दे. दे तो चेक. एक हजार चारशे सत्त्याऐंशी आणि साठ सेंट. अक्षरात लिही. सही. तारीख नीट घाल. हां. आता मी पैसे भरल्याचा शिक्का मारते —

काय म्हणालात साहेब? शिक्का कुठून आला? इथंच होता. खुर्चीवर. हो, माझ्या खुर्चीवर. माझ्याखाली. तासभर. तुम्हाला काय वाटतं, गुडघा का धरलाय माझा? टोचतो तो. लाकडी मूठ आहे. करा तक्रार, फॉर्म तिकडे आहे, निळा, दोन प्रतींत. पण आधी हे बघा — हा असा — आणि हा असा. भरले. ही तुमची पावती, मिस्टर व्रानेक. आणि साहेब, तुमच्या कंपनीला मुद्दल आणि व्याज दहा दिवसांत पोस्टानं येईल, एक सेंट कमी नाही, मी स्वतः पाठवीन. तोंड का पाडताय? पैसे दीडपट झाले तुमचे! घर गेलं म्हणता? घर तुमचं कधी होतं? हा अर्ज आता नको, तो माझ्याकडे द्या. फाडत नाही, फाइलला लावते. घ्या, उरलेले कोलाचे घेऊन जा रस्त्यात खायला. आणि विजार सुकल्यावरच घासा, ओली घासू नका, डाग बसतो.

झालं. एल्डन, तू थांब जरा. तुझ्याशी बोलायचंय. तीन आठवड्यांचं साठलंय. नाही, इथं नाही, बाहेर बाकावर थांब… नको, इथंच थांब.

तुम्ही अजून उभेच? आता काय राहिलं?

काय विचारलंत?

हे माझे कोण लागतात?

…

एल्डन, तू उत्तर देऊ नकोस. गप्प बस. मी… हे बघा…

पाच वाजले. कचेरी बंद झाली. दार जाताना जोरात ओढून घ्या.